ठोके, पायऱ्या आणि पावले : तंदुरुस्ती मोजण्याचा इतिहास

जूनमध्ये शाळा सुरू झाली की व्यायामाचे संकल्प होतात आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बहुतेक विरून जातात. आळस हे त्याचे एक कारण आहेच. पण आणखीही एक कारण आहे आणि त्याकडे सहसा लक्ष जात नाही. महिनाभर घाम गाळूनही 'फरक काय पडला?' या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. वजनाचा काटा हलत नाही, शेजारच्या मुलाइतके पळता येत नाही आणि उत्साह मावळतो.

आपल्याकडे तालमीत जोर आणि बैठका मोजायची पद्धत जुनी आहे. आज शंभर, उद्या एकशे दहा. ही मोजणी श्रमाची झाली. त्या श्रमांमुळे शरीरात काय बदलले, हे मोजणे वेगळे. या दुसऱ्या मोजणीला सुमारे चारशे वर्षांचा इतिहास आहे. त्यातले प्रत्येक माप कुणीतरी, कोणत्यातरी विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी बनवले होते. पुढे प्रश्न विसरला गेला आणि आकडा तेवढा उरला. शाळेत मुलांची तंदुरुस्ती मोजताना, किंवा स्वतःची मोजतानाही, ते मूळ प्रश्न माहीत असलेले बरे. या लेखात आपण ते पाहू.

नाडीला मिळाले घड्याळ

नाडीपरीक्षा भारतात, चीनमध्ये आणि ग्रीसमध्ये प्राचीन काळापासून होती. नाडी जलद आहे की मंद, याचा अंदाज वैद्य बोटांनी घेत. पण मिनिटाला किती ठोके, हे सांगायला मिनिट मोजणारे साधन हवे. इटलीतील वैद्य सॅन्टोरिओ याने सतराव्या शतकाच्या आरंभी यावर एक युक्ती काढली. दोऱ्याला वजन बांधून त्याने लंबक केला. लंबकाचा झोका रुग्णाच्या नाडीशी जुळेपर्यंत तो दोरा लांब-आखूड करी आणि जुळल्यावर दोऱ्याची लांबी वाचे. म्हणजे नाडीचा वेग तो लांबीच्या एककात सांगत होता!

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. लंबक एका बाजूला जाऊन परत येतो तो एक पूर्ण झोका धरला, तर मिनिटाला ६० ठोक्यांसाठी दोरा सुमारे २५ सेंमी लागतो आणि ८० ठोक्यांसाठी सुमारे १४ सेंमी. लांबी ही आवर्तकालाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हा नियम मुलांना स्वतःच्या मनगटावर पडताळता येईल.

पुढे इंग्लंडमधील जॉन फ्लॉयर या वैद्याने बरोबर एक मिनिट चालणारे खास घड्याळ बनवून घेतले आणि १७०७ मध्ये नाडीच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला. तेव्हापासून ठोके दर मिनिटाला मोजले जाऊ लागले. लक्षात घ्या, दोघांचाही प्रश्न आजाराचा होता. व्यायाम त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

श्वास किती पुरतो?

श्रम आणि श्वास यांचा संबंध पहिल्यांदा मोजून दाखवला तो फ्रान्समध्ये लाव्हाझिए यांनी. १७९० च्या सुमारास त्यांचे सहकारी सेगाँ यांनी तोंडावर मुखवटा लावून पायाने दाबायची पट्टी चालवली आणि लाव्हाझिए यांनी त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. श्रम वाढले की प्राणवायूचा वापर वाढतो आणि नाडीही त्याबरोबर वाढते, असे त्यांना दिसले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९४ मध्ये लाव्हाझिए यांचा शिरच्छेद झाला आणि हे काम अर्धवट राहिले.

पुढचा महत्त्वाचा टप्पा येण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ए. व्ही. हिल हे ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्नायूंवरील कामासाठी १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. ते स्वतः पळण्याचे शौकीन होते. पाठीवर हवा गोळा करणारी पिशवी बांधून ते गवतावरच्या गोल मार्गावर वेगवेगळ्या वेगांनी पळत आणि सोडलेल्या श्वासाचे पृथक्करण करीत. वेग वाढवला की प्राणवायूचा वापर वाढे, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे वेग वाढवला तरी वापर वाढेना. हिल यांच्या बाबतीत ही मर्यादा मिनिटाला सुमारे ४ लिटर होती. लप्टन यांच्यासह १९२३ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले.

ही 'प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता' म्हणजे आपण बोलीभाषेत ज्याला 'दम' म्हणतो त्याचे बरेचसे शास्त्रीय माप. हवेतला प्राणवायू फुप्फुसांत घेणे, तो रक्तातून वाहून नेणे, हृदयाने ते रक्त ढकलणे आणि स्नायूंनी तो वापरणे, या साखळीची एकत्रित ताकद त्यात दिसते. अडचण एवढीच, की ते मोजायला प्रयोगशाळा लागते.

हार्वर्डचा लाकडी बाक

ही अडचण दुसऱ्या महायुद्धात तीव्रतेने जाणवली. हजारो तरुणांची क्षमता झटपट तपासायची होती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९२७ पासून थकव्याचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळा होती. तेथील ल्युसिएन ब्रूहा यांनी १९४३ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तिला लागत होते फक्त एक बाक आणि एक घड्याळ.

बाकाची उंची २० इंच, म्हणजे सुमारे ५१ सेंमी. त्यावर मिनिटाला ३० वेळा चढायचे-उतरायचे, जास्तीत जास्त पाच मिनिटे. मग खाली बसायचे. थांबल्यानंतर एक, दोन आणि तीन मिनिटांनी प्रत्येक वेळी ३० सेकंद नाडी मोजायची. चढउतार किती सेकंद टिकली त्या संख्येला १०० ने गुणायचे आणि तिन्ही मोजण्यांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचे. समजा एखाद्याने पूर्ण ३०० सेकंद काढली आणि ठोके ८५, ७० व ६० आले. बेरीज २१५. तेव्हा ३०,००० भागिले ४३०, म्हणजे जवळजवळ ७०. ब्रूहा यांच्या कोष्टकात ९० च्या वर उत्तम आणि ५५ च्या खाली कमकुवत.

यातली खरी कल्पकता नाडी केव्हा मोजायची, यात आहे. श्रम चालू असतानाची नाडी ते मोजत नाहीत. श्रम थांबल्यावर ती किती लवकर खाली येते, हे पाहतात. दम चांगला असलेल्या माणसाचे हृदय लवकर शांत होते. हे तत्त्व आजही पक्के आहे.

पण कोष्टकाचे तसे नाही. ते अमेरिकेतील तरुण पुरुषांवरून बनवले होते. ५१ सेंमीचा बाक सहा फुटी जवानाला गुडघ्याएवढा असेल, पण सातवीतल्या मुलीला तो जवळजवळ मांडीपर्यंत येईल. तिचे श्रम वेगळे, म्हणून तिचा आकडाही वेगळ्याच गोष्टीचा. ही चाचणी आपल्याकडे शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांतही शिकवली जाते. तिच्यातले तत्त्व घ्यावे, 'उत्तम' आणि 'कमकुवत' ही लेबले मात्र मुलांना चिकटवू नयेत.

दुमजली बसमधला प्रयोग

आतापर्यंतचे प्रश्न क्षमतेचे होते. व्यायामाने आयुष्यात काही फरक पडतो का, हा प्रश्न वेगळाच. त्याचे उत्तर मिळण्यास सुरुवात झाली लंडनच्या बसमध्ये. मुंबईकरांना दुमजली बस नवी नाही. बेस्टने १९३७ मध्ये ती रस्त्यावर आणली आणि जुन्या डिझेल गाड्यांपैकी शेवटची २०२३ मध्ये निवृत्त झाली. अशा बसमध्ये चालक दिवसभर बसून असतो आणि कंडक्टर वरखाली करतो. एकच संस्था, एकच बस, कामाचे तास सारखे, पण हालचालीत जमीन-अस्मानाचा फरक. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञाने हे हेरले.

मॉरिस आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुषांच्या नोंदी तपासल्या. कंडक्टर एका पाळीत ५०० ते ७५० पायऱ्या चढत. १९५३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : कंडक्टरांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण चालकांपेक्षा कमी होते आणि झटका आलाच तर त्यातून लगेच मृत्यू येण्याचे प्रमाणही बरेच कमी होते. टपाल खात्यातही असेच चित्र दिसले. पायी किंवा सायकलवरून पत्रे वाटणारे पोस्टमन बैठे काम करणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित होते.

एखाद्याला वाटेल, सिद्ध झाले. मॉरिस यांना तसे वाटले नाही. मुळातच स्थूल माणसे चालकाची नोकरी पत्करत असतील तर? मग फरक पायऱ्यांमुळे नव्हे, निवडीमुळे पडला असेल. याचा छडा लावायला त्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या! १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात दिसले, की चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर खरोखरच मोठा होता. शंका रास्त होती. म्हणून पुढे त्यांनी कमरेचा घेर, रक्तदाब आणि इतर गोष्टी लक्षात घेऊन पुन्हा अभ्यास केला. कंडक्टरांचा फायदा तरीही टिकला. स्वतःच्याच निष्कर्षाची अशी उलटतपासणी करणारे मॉरिस २००९ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

विज्ञान शिकवणाऱ्याला या गोष्टीतून दुहेरी लाभ आहे. एक, फायदा मिळवायला धावपटू व्हावे लागत नाही, रोजच्या कामातली हालचालही मोजली जाते. दोन, दोन गटांत फरक दिसला म्हणजे कारण सापडले असे नव्हे.

तीन लोकप्रिय आकडे

आता तीन आकड्यांकडे वळू. ते आज घरोघरी ऐकू येतात.

पहिला, रोज १०,००० पावले. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली. १९६५ मध्ये तेथील यामासा कंपनीने पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले आणि त्याला 'मानपो-केई' म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक' असे नाव दिले. हा आकडा सुटसुटीत होता. त्यामागे आजारांची आकडेवारी नव्हती. २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते. सुमारे ७,५०० पर्यंत ते घटत गेले आणि त्यापुढे फारसा फरक दिसला नाही. म्हणजे निवृत्त शिक्षिकेने १०,००० होत नाहीत म्हणून खंत करण्यापेक्षा तीन हजारांचे पाच हजार करणे अधिक मोलाचे.

दुसरा, 'कमाल नाडी म्हणजे २२० वजा वय'. हे सूत्र १९७१ मध्ये फॉक्स, नॉटन आणि हॅस्केल यांच्या एका लेखातून पुढे आले. आधीच उपलब्ध असलेले निष्कर्ष आलेखावर मांडून काढलेला तो ढोबळ अंदाज होता. सरासरीसाठी तो ठीक आहे. पण एकाच वयाच्या माणसांत कमाल नाडी सरासरीहून दहा-बारा ठोके वर किंवा खाली असणे अगदी सामान्य आहे. चाळिशीतल्या शिक्षकाचे सूत्राने येणारे १८० हे प्रत्यक्षात १६८ किंवा १९२ असू शकतात.

तिसरा, 'सवय लागायला २१ दिवस'. मॅक्सवेल मॉल्ट्झ हे अमेरिकेतील प्लास्टिक सर्जन. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची रुग्णाला सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० च्या पुस्तकात नोंदवले. कालांतराने 'किमान' गळून पडले, चेहराही गळून पडला आणि उरला तो २१ दिवसांचा मंत्र. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष ९६ जणांवर रोजची नवी सवय कशी मुरते हे पाहिले. मध्यगा आली ६६ दिवसांची आणि व्याप्ती होती १८ ते २५४ दिवसांची. त्यातही एक दिलासा होता. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नव्हती. तेव्हा बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर तो दोष आपल्या निश्चयाचा नाही.

पाच तरुण आणि अंथरूण

प्रगती किती वेगाने होते आणि किती वेगाने जाते? याचे ठळक उत्तर १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस येथे मिळाले. वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पूर्ण अंथरुणावर ठेवले. त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी २७ टक्क्यांनी घसरली. मग आठ आठवड्यांच्या कसून व्यायामाने ती भरून निघालीच, शिवाय मूळ पातळीच्या वर गेली.

याच पाच जणांना तीस वर्षांनी पुन्हा बोलावले गेले. वय पन्नाशीचे आणि सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर. क्षमता मात्र तीस वर्षांत सुमारे ११ टक्केच घटली होती. म्हणजे विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने जे नुकसान केले, तेवढे तीन दशकांच्या वयानेही केले नव्हते! सहा महिन्यांच्या बेताच्या व्यायामाने त्यांची सरासरी क्षमता तरुणपणीच्या पातळीवर परतली.

पाच माणसांवरून सर्व मानवजातीबद्दल बोलता येत नाही हे खरे. पुढे 'हेरिटेज' या मोठ्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. त्यातील ४८१ बैठ्या लोकांनी वीस आठवडे ठरावीक पद्धतीने व्यायाम केला. सरासरी वाढ होती मिनिटाला सुमारे ०.४ लिटर प्राणवायूची. पण काहींची वाढ जवळजवळ शून्य, तर काहींची एक लिटरहून अधिक. सर्वांच्या व्यायामाची आखणी एकच होती. बराचसा फरक कुटुंबागणिक पडत होता, म्हणजे त्यात अनुवंशाचा वाटा होता. १९९९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्गात पहिला आणि शेवटचा क्रमांक लावून तंदुरुस्तीचे गुण देण्याआधी हे आठवावे. शेवटच्या मुलाने कदाचित पहिल्याइतकाच घाम गाळला असेल.

मग मोजायचे कसे?

या सर्व इतिहासातून आम्हाला एक सूत्र निघताना दिसते : ज्याचे माप त्याच्याशीच ताडावे, परिस्थिती तीच ठेवावी आणि मापातली चूक किती असू शकते ते आधी पाहावे. ते प्रत्यक्षात असे आणता येईल.

सकाळी उठल्याबरोबर, अंथरुणातच, पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी. लागोपाठ तीन दिवस मोजून सरासरी काढावी. चहा, ताप, अपुरी झोप, उकाडा आणि परीक्षेची धास्ती यांनी नाडी वाढते, म्हणून एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत सोयीची खरी, पण मोजताना एक ठोका चुकला की उत्तरात चारांचा फरक पडतो. तेव्हा ७६ चे ७२ झाले म्हणून पेढे वाटू नयेत.

दमासाठी ३० सेंमीच्या आतली भक्कम पायरी घ्यावी. मिनिटाला २४ वेळा, तीन मिनिटे चढउतार करावी. पाऊल वर, दुसरे वर, पाऊल खाली, दुसरे खाली, अशी चार पावले धरली तर मिनिटाला ९६ पावले होतात. ताल धरायला सॅन्टोरिओचा लंबक पुन्हा कामाला लावावा. ३९ सेंमी लांबीचा लंबक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मिनिटाला जवळजवळ ९६ वेळा जातो. थांबल्यावर खाली बसावे आणि एक मिनिटाने, ३० सेकंद नाडी मोजावी. दम्याचा, हृदयाचा किंवा रक्तक्षयाचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाचणीत घेऊ नये. कुणालाही चक्कर किंवा छातीत दुखणे जाणवले तर चाचणी तेथेच थांबवावी.

पहिली मोजणी आठवड्यात दोनदा करावी. दोन मोजण्यांत आपोआप जेवढा फरक पडेल तेवढी आपल्या मापातली चूक समजावी. सहा-आठ आठवड्यांनी तीच पायरी, तीच वेळ ठेवून पुन्हा मोजावे. बदल त्या चुकीहून मोठा असेल तरच त्याला प्रगती म्हणावे. आणखी एक गंमत ध्यानात ठेवावी. पहिल्या दिवशी ज्यांचे आकडे सर्वांत वाईट आले, त्यांचे दुसऱ्या वेळी काहीही न करता थोडे सुधारतात, कारण पहिल्या आकड्यात दुर्दैवाचाही वाटा असतो. सर्वांत चांगल्यांचे त्याच कारणाने थोडे घसरतात. यासाठी शाबासकी किंवा ओरडा, दोन्ही देऊ नये.

प्रत्येक मुलाची वही वेगळी असावी, आकडे फळ्यावर लिहू नयेत. वहीत आकड्यांच्या शेजारी एक रकाना रोजच्या हालचालीचा ठेवावा. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. लगोरी, लंगडी, खो-खो, सायकल, पाणी भरणे, सारे त्यात धरता येते. नाडी आपल्या हातात नसते, ही मिनिटे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतात.

आकडा हलला नाही तरी मॉरिस यांचे कंडक्टर आठवावेत. त्यांनी कधी नाडी मोजली नव्हती की पावले मोजली नव्हती. ते फक्त रोज कामावर जात होते आणि पायऱ्या चढत होते.